दादाचा थांबलेला अंगठा

रविवार संध्याकाळ, कोळवण

पत्ते टाकून डाव सोडला ते बरोबर केलं का?

इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबायला, येणारी वाडीची माणसं उद्या भातलावणीला आधी माझ्या खाचरात उतरणार की दादाच्या, हे आम्ही दोघा भावांनी दुपारी तीन पत्तीवर ठरवायला घेतलं. माझ्या हातात बदामाचे गुलाम, राणी, राजा! असली पानं कधी येतात?

तेवढ्यात दादा म्हणाला, "आत्ता टाकशील तर तुजा दुसरा नंबर. दाखवून हरंल त्याचा वाडीत शेवटचा."

आणि तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला. पानं भारी असली की थांबतोच, लहानपणापासून बघतोय. शेवटचा नंबर म्हणजे माझी रोपं जून होऊन वाया. टाकले पत्ते.

घरी येताना त्याच्या रोपांकडे लक्ष गेलं. पिवळी पडलीत, माझ्या रोपांपेक्षा वाईट. म्हणजे अंगठा थांबला तो पानांमुळे नव्हे? भीतीनं?

आत्ताच दारात येऊन विचारून गेला, "तुज्याकडं काय हुतं रं?"

"काय न्हाई. दुर्री, पंजा, सत्ती."

"मंग बरं झालं," म्हणाला. अंगठा पुन्हा फिरायला लागला होता.