सत्तेचाळीस नंबरची टेप

१४ जानेवारी २००१, रविवार

चौसष्ट पूर्ण! कीथनं भेट आणली – तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर. सोबत प्लॅस्टिकची काडी, तिनं काचेवर लिहायचं. व्हिडिओ टेपांची यादी करायचं सॉफ्टवेअर त्यानं आधीच घालून ठेवलंय. "बाबा, तळघरातल्या दोनशे बारा टेपांत काय काय आहे, तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?" – हे हातांनीच म्हणाला. पोराला ऐकू येतं, पण बहिऱ्या आईबापांच्या घरात वाढला. हात अजून साफ बोलतात त्याचे.

माझ्या बायकोचा, बर्निसचा टोमणा आलाच. "एक हात त्यात गुंतला, म्हणजे ह्याची निम्मी बडबड बंद!"

१६ जानेवारी

सॉफ्टवेअर सिनेमावाल्यांसाठी केलेलं दिसतंय. प्रकार विचारतं – विनोदी, भयपट, काउबॉय. माझ्या टेपांत आमच्या ॲक्रन शहरातल्या क्लबातली बहिरी माणसं आहेत, खुर्चीत बसून हातांनी गोष्टी सांगणारी. आमची भाषा कागदावर उतरत नाही. मी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, तरी एक ओळ उतरवता आली नाही. म्हणून कॅमेरा लावला, सोळा वर्षं.

'आवाज' हा रकाना भरल्याशिवाय पुढेच सरकत नाही! मोनो की स्टिरिओ? अर्धा तास खालीवर केल्यावर 'इतर' सापडलं. तेच निवडलं.

नऊ झाल्या.

१९ जानेवारी

एकतीस. क्लबातल्या रॉयची माशाची गोष्ट परत बघितली. मासा दरवेळी मोठा होतो, शेवटी हात चौकटीबाहेर जातात. एकटाच हसत होतो तळघरात. मस्त चाललंय काम.

२२ जानेवारी, सोमवार

हे लिहायला नको वाटतंय.

सत्तेचाळीस नंबरची टेप. चिठ्ठीवर माझंच अक्षर – 'विल्मा क्रॅट्झ, लाल दोरी, १९८८'. लावली. विल्मा खुर्चीत बसते, चष्मा सारखा करते, हात उचलते – आणि फुटबॉल! शेवटपर्यंत फुटबॉल. मीच कधीतरी वरून टीव्हीवरचा सामना भरला.

लाल दोरी म्हणजे तिची क्लबातली गाजलेली गोष्ट. युद्धाच्या वर्षांत ती रबराच्या कारखान्यात होती. एक दिवस रबर लाटणाऱ्या मोठ्या रुळांची थरथर पायांना वेगळी लागली, म्हणून तिनं धावत जाऊन लाल दोरी ओढली, यंत्र थांबवलं. फोरमन शिव्या देत आला. बघतो तर एका कामगाराची बाही रुळांत गेलेली, हात जेमतेम बाहेर!

सहा वर्षांपूर्वी तिनं ह्या टेपेची प्रत मागितली. मी शोधली नाही. भर क्लबात म्हणालो, "तुम्ही कधी बसलाच नाहीत माझ्यापुढे. वय झालं, विसरताय." सगळे हसले. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. गोष्टही परत सांगितली नाही तिनं.

२३ जानेवारी

बर्निसला सांगितलं.

"मला ठाऊक आहे. तो सामना आपण दोघांनी बघितला होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की! दोन दिवस माझ्याकडे बघतच नव्हतास."

२५ जानेवारी

विल्माकडे गेलो. बेल दाबली, आत दिवा लुकलुकला, दार उघडलं. त्र्याऐंशी वर्षांची, पण ताठ. मी हात उचलले मात्र, तिनं डोळे मिटून घेतले! ऐकणारी माणसं दारं आपटतात, आम्ही डोळे मिटतो. मिटल्या डोळ्यांपुढे कसली माफी मागणार? उभा राहिलो. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाली, "जाताना दार ओढून घे."

२८ जानेवारी, रविवार

कामात लक्ष नाही. बर्निस म्हणते, "चारचौघांत चिखल उडवलास, आता एकट्यात पुसायला निघालास होय?"

खरं आहे. शनिवारी क्लब भरतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

केलं!

क्लबात पत्ते चालले होते, विल्माही होती. मी दिवे दोनदा चालू-बंद केले, सगळ्यांच्या माना वळल्या. टेबलावर चढलो. "विल्मा विसरली नव्हती. ती माझ्यापुढे बसली होती. तिच्या टेपेवर मी फुटबॉलचा सामना भरला, आणि खोटं बोललो."

मग रॉयनं मागून विचारलं, "सामना कोण जिंकलं?" मेला! हशा पिकला. विल्मा हसली नाही. उठली, कोट घातला. दारात वळून म्हणाली, "गुरुवारी येईन. कॉफी जरा बरी कर. तुझी कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी."

बर्निसनं घरी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. म्हणजे बोलताच येईना दोघांना.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आली. बोटांचे सांधे सुजलेत, कप दोन्ही हातांनी धरते. कॅमेरा लावला तर म्हणाली, "आधी बंद कर तो." मग विचारलं, "ओपल कारखान्यात आमच्याच पाळीत होती, ठाऊक आहे तुला?"

ओपल म्हणजे माझी आई. ठाऊक आहे म्हणालो. आई क्लबात भिंतीपाशी बसायची. गोष्ट सांग म्हटलं की नुसती हसायची. जाऊन बावीस वर्षं झाली तिला. कॅमेरा मी त्यानंतर घेतला.

विल्मानं कप खाली ठेवला. "आज हात दुखतायत. उद्या येते."

९ फेब्रुवारी

आली. अठरा मिनिटं, एका दमात. विल्मा सगळं उजव्या हातानं बोलते. लाल दोरी मात्र तिनं डाव्या हातानं ओढली. मी कॅमेऱ्यामागून विचारलं, डावा का?

"ओपल डावखुरी होती ना. दोरी तिनं ओढली. मी नुसती बघत होते."