गळ्यातली पुतळी

आमगाव

प्रेमिलाताई,

तुम्ही वारल्यावर दोन वर्षांनी मी तुमच्या नवऱ्याची बायको होऊन या घरात आली. दुसरेपणाच्या रिवाजाप्रमाणे लग्नातच तुमच्या नावाची, चेहरा कोरलेली चांदीची पुतळी माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून तिला पहिला घास दाखवल्याशिवाय मी जेवली नाही. पण घरात तुमचा एकही फोटो नव्हता.

माझं नाक बसकं, म्हणून यांनी मला नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं. खिशातला एक फोटो दाखवून म्हणाले, "असं पाहिजे." मला वाटलं, कोणी हिरोईन असेल. डॉक्टरांनी नाकात सिलिकॉन बसवलं.

परवा बँडेज काढून घरी आली, तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "आलीस वो प्रेमिला?" तेव्हा कळलं, तो फोटो कोणाचा होता.

मी यांना म्हटलं, "मले हे नाक नको. काढून टाका."

"कायले? आता तर बरी दिसून राहिली."

आज जेवताना पुतळी ताटाजवळ काढून ठेवली. तिचं नाक माझ्या जुन्या नाकासारखं बसकं दिसलं. मी घास उचलायच्या आधीच सासूबाईंनी तो पुतळीच्या तोंडाला लावला. हळूच म्हणाल्या, "खाय वो राखी."

अजून तरी तुमची सवत,
राखी