अंगठ्यांचा होकार

६ जानेवारी, मंगळवार

अत्यंत खेदाने नमूद करतो की, रंगाऱ्याने आज माझ्या चहाच्या कपात ब्रश भिजत घातला. ‘हा कप माझा आहे, कृपया कोणी वापरू नये’ असे कालच बांधकामाच्या साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले होते. खाली अंगठेच अंगठे. पहिला रंगाऱ्याचा!

परगावी नोकरीला असलेल्या लेकीला ही शोकांतिका सविस्तर कळवली. एरवी तिने माझी यथेच्छ खेचली असती. नुसता अंगठा आला. कामात असेल.

८ जानेवारी, गुरुवार

स्वयंपाकघराची खिडकी उजव्या भिंतीत सरकवायची ठरली. साइटचा कारकून मी, पत्रव्यवहार माझ्याकडे, म्हणून नवा नकाशा ग्रुपवर मीच टाकला. सगळ्यांचे अंगठे आले. आज वर जाऊन पाहतो तो खिडकी जुन्याच जागी, आणि उजवी भिंत सलग, देखणी!

गवंडीमामा शांतपणे म्हणाले, “अंगठा म्हणजे मेसेज पोचला. वाचला असं कुठं म्हटलं मी?”

भिंत फोडली. इंजिनीयरबाई जाताना एवढंच म्हणाल्या की सोमवारी स्लॅब ओतायचा आहे; भिंत फोडता येते, स्लॅबचं काय कराल?

१० जानेवारी, शनिवार

लहानपणी पाठशाळेत गुरुजी संथा द्यायचे — ते एकदा म्हणत, आम्ही दोनदा. साइटवर तीच सुरू केली. अंगठा बंद! मी काम सांगायचं, ज्याने त्याने ते आपल्या शब्दांत मला परत सांगायचं. सुतार म्हणाला, या वयात पाठांतर नको, त्यापेक्षा उठाबशा काढतो.

१२ जानेवारी, सोमवार

स्लॅब ओतून झाला. त्याआधी सकाळी संथा. प्लंबर म्हणाला, पाइपाचं भोक डाव्या कोपऱ्यात. सुतार म्हणाला, मी तर स्लॅबखालच्या फळ्यांत मधोमध सोडलंय. दोघांनी आपापले नकाशे काढले. सुताराच्या खिशात जुनाच नकाशा! काँक्रीट अजून यायचं होतं, म्हणून निभावलं. नाहीतर पाइप खालच्या बिऱ्हाडाच्या पलंगावर उतरला असता. बाई चक्क हसल्या. आता सगळे मला गुरुजी म्हणतात. रंगाऱ्याने नवा कप आणून दिला, त्यावर स्वतः रंगवलेला अंगठा. लबाड!

घरी हिला सगळं रंगवून सांगितलं. पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, “मग लेकीच्या अंगठ्यावर तुमचं कसं भागतं हो?”

रात्री लेकीला लिहिलं — बरी आहेस ना?

अंगठा.

१३ जानेवारी, मंगळवार

फोन केला. उचलला नाही. मागाहून अंगठा आला. पोर बरी नाहीये असं मला वाटतंय, आणि मला भीती वाटते. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतोय. तिच्या तोंडून ऐकायचंय.