फानमेखच्या तिरक्या खिडक्या

४ मार्च
फानमेखचं काम माझ्याकडे आलं! बावीस मजली होटेल, वय वर्षं बावन्न. पूर्वेकडच्या भिंतीतली एकूण एक खिडकी तिरकी. मालकांना त्या सरळ हव्यात. दर मजल्यावर एक खोली वाढते म्हणे. व्यवस्थापक वोरावित म्हणाला, "नदी दिसावी म्हणून तिरक्या होत्या ना, ताई? आता नदीच्या आड टॉवर आलाय. पाहुणे मान वाकडी करून लोकांचं धुणं बघतात!"
ठेवायच्या की काढायच्या, हा अहवाल मी द्यायचा.
आमच्या सरांनी, आजान थमरोंगनी, कॉलेजात फळ्यावर ही भिंत काढली होती. त्यांनीच बांधलेली. माशाच्या खवल्यांसारखी. त्या दिवशी ठरवलं, आपण वास्तुविशारदच व्हायचं. आणि आता ती मीच पुसायची?

६ मार्च
दिवसभर जुने नकाशे. मूळ नकाशात पूर्वेच्या खिडक्या सरळ आहेत! पाच मजल्यांचे स्लॅब टाकून झाल्यावर बदलल्या. कारण कुठेच लिहिलेलं नाही.

९ मार्च
आजानकडे गेले. त्र्याऐंशी वर्षं, कानाला यंत्र, पण आवाज तोच वर्गातला. नदीचं विचारलं तर हसले. "नदी मालकाला पटवायला गं. पुस्तकवाल्यांनी तीच उचलली."
मग खरं सांगितलं. पाचव्या मजल्यावर उभे होते, सोबत पंधरा गडी. खाली शेजारच्या अंगणात एक तरुण बाई केस धूत होती. तिने वर पाहिलं— आणि ओल्या केसांनी आत पळाली. "नंतर आठवडाभर दिसली नाही. म्हटलं, आता दोनशे खोल्या हिच्या अंगणात डोकावणार! घरी जाऊन सगळ्या खिडक्या फिरवल्या."
"तिला कधी सांगितलंत?"
"सांगायचं काय त्यात?"

१० मार्च
हे अहवालात लिहिलं तर भिंत वाचेल. नक्की वाचेल.

१३ मार्च
ते घर अजून आहे! पत्र्याचं छप्पर, अंगणात केळी. केस धुणारी ती बाई, सारापी मावशी, तिथेच राहतात— अठ्ठ्याहत्तरच्या. मी उत्साहाने सगळं सांगितलं. त्या हसत सुटल्या.
"लाजून पळाले? मी? अगं, धक्क्यावर नूडल्स विकायचे मी, मला कसली लाज! भात करपत होता माझा!"
"आणि तो आठवडा?"
"आईकडे गेले होते, अयुथयाला."
मग हसणं थांबलं. हातातला पंखा गुडघ्यावर ठेवला.
"नवरा नुकताच गेला होता. घरात मी एकटी. वाटायचं, एवढं मोठं होटेल होतंय, खिडक्या उघडतील, दिवे लागतील, कुणी हात हलवेल. आणि झाल्यावर बघते तर काय— सगळ्यांनी तोंड फिरवलेलं! म्हटलं, आमची छपरं बघवत नसतील पाहुण्यांना."
निघताना त्यांनी केळीच्या पानात बांधून गोड भात दिला. फाटकाशी विचारलं, "सरळ करणार का गं खरंच? मग दिवे दिसतील इकडून."

१४ मार्च
अहवालाची लिहिलेली चार पानं फाडली.

१७ मार्च
सकाळीच आजानचा फोन. "त्या बाई आहेत का गं अजून?"
"आहेत. भेटले मी."
"काही म्हणाल्या?"
काय सांगू? खोटं बोलवेना, खरं सांगवेना.
"म्हणाल्या, एवढी वर्षं झाली, एकही खिडकी माझ्याकडे बघत नाही."
त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "चला. जमलं म्हणायचं!" इतका खुशीत आवाज मी त्यांचा वर्गातसुद्धा ऐकला नव्हता.
मी 'हो' म्हटलं.

१८ मार्च
अहवाल दिला. 'पूर्वेच्या खिडक्या सरळ कराव्यात.' खाली माझी सही.