जोव्हियल व्याही

३ फेब्रुवारी
रविवारी धनश्रीला बघायला मानवतची मंडळी येणार. पोरीला पोरगा आधीच पसंत आहे. अडले आहे ते त्याच्या वडिलांपाशी. चन्नप्पा, कापसाचे व्यापारी. कधी हसत नाहीत म्हणे. राजेश्रीने बजावले, "तुमी फक्त गप बसा." पंचवीस वर्षे संसार करून बायकोला माझा स्वभाव कळलेला नाही.

४ फेब्रुवारी
न हसणाऱ्या व्याह्यापुढे आपण जोव्हियल असावे, असे ठरवून कॉलेजच्या लायब्ररीत डिक्शनरी उघडली. (ग्रंथपाल मीच.) जोव्हियल : हसतमुख, खेळकर, चारचौघांत रमणारा. बहुधा वयाने आणि पोटाने वाढलेल्या पुरुषांना लावतात. मूळ जोव्ह, म्हणजे आपला गुरू ग्रह. त्याच्या अमलाखाली जन्मलेला माणूस आनंदी, असे युरोपातले जुने ज्योतिषी मानत. घरी येऊन पत्रिका काढली. गुरू लग्नी! म्हणजे मी जन्मजात जोव्हियल. आजवर सवड झाली नाही, इतकेच. धनश्रीलाही शब्द समजावला.
शंका : ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण व्युत्पत्तीवर आहे.

६ फेब्रुवारी, सकाळी
सराव. दूधवाल्या बजरंगला विचारले, "आज येलदरी धरणाचे दरवाजे उघडले का रे, दूध लय वाढलंय?" म्हणाला, "सायेब, उद्यापासून दुसरा बघा." राजेश्री बिनदुधाचा चहा देऊन गेली. विनोद पचायला वेळ लागतो.

८ फेब्रुवारी
चन्नप्पांचा अवाढव्य देह दारात दिसताच म्हणालो, "या व्याही, आज आमच्या सोफ्याची परीक्षा!" कुणीच हसले नाही. राजेश्रीने आत ओढून नेले. "व्याह्याची थट्टा सुपारी फुटल्यावर करतेत! आधी केली की अपमान होतो, कळत न्हाई का?" रीत माहीत होती, क्रम चुकला. मंडळी अर्धे पोहे ठेवून उठली. धनश्री आत रडत होती. वाईट वाटले. तरी प्रामाणिकपणे नोंदवतो : सोफ्याचा विनोद बरा होता.

११ फेब्रुवारी
मानवतचा फोन, माझ्याऐवजी राजेश्रीला. मुलगी पसंत! चन्नप्पा म्हणाले, "पोरगी आईवर गेलीय, तेवढं बरं झालं." माणूस खुलतोय. बावीसला सुपारी. त्यानंतर थट्टा रीतसर. कोट्या पाठ करायला घेतल्या.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
सुपारी फुटली. मी घसा खाकरला. तेवढ्यात चन्नप्पा मोठ्याने म्हणाले, "बोला की व्याही! का लेकीसंगं जीभबी आमालाच देऊन टाकली?" सगळी बैठक हसली. मला एकही कोटी आठवेना. पुढे जेवणे होईपर्यंत ते बोलत होते आणि मी विषय होतो. राजेश्री पदराने डोळे पुसत हसत होती. ती अशी हसते हे मला माहीत नव्हते.
धनश्री माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अप्पा, किती जोव्हियल आहेत हो हे!"
वापर अचूक होता.