पाहायला सगळे, बदलायला एक

प्रिय वसंतकाका,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि आज तुमच्यावर मनसोक्त चिडावं असं काहीतरी घडलं, म्हणून लिहायला बसले.

सकाळी साडेनऊला कळलं, बेसा रोडच्या आपल्या कॉलेजातल्या नव्या लॅबचे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणाऱ्या स्विचची सगळी पोर्टं बंद. "वापर नसला का बंद ठेवाचं," हा तुमचाच नियम. दहाला मुलांची परीक्षा! लॅपटॉपवरून मला स्विचमधलं सगळं दिसत होतं, पण एक पोर्ट चालू करायला गेले की नकार.

तुम्ही शिकवलं होतंत, आठवतं? स्विच आपली माहिती झाडासारखी, फांद्यांना नंबर घालून ठेवतो. "जरीपटक्यातलं घर कसं शोधते तू? आधी गल्ली, मंग घर. तसंच हाय हे." मग पुढचा धडा: "पाहू दे सगळ्याइले. बदलू दे एखाद्यालेच."

तो एखादा म्हणजे तुम्हीच, असं मी दोन वर्षं धरून चालले. हक्क मागितला की म्हणायचात, "काहून वं, घाई काहून करून राहिली?" काका, ते मला लागायचं. डबा रोज वाटून खायचो, आणि भरवसा तेवढा नाही?

आज नाइलाजाने त्या झाडाच्या कधी न पाहिलेल्या फांदीवर गेले. कोणाला काय पाहता येतं, काय बदलता येतं, ही यादीही स्विचच्या पोटातच असते. तिथे माझं नाव होतं, बदलण्याच्या हक्कासकट. अट एकच: हुकूम तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरूनच आला पाहिजे.

आणि त्या खुर्चीत तर मी तीन महिने कुणाला बसू दिलं नव्हतं. स्वतःही बसले नव्हते. तुमचा मान राखता राखता आपल्याच पायावर धोंडा!

शेवटी बसले. खुर्ची अजून डावीकडे कलते. पोर्टं एकेक हिरवी झाली, परीक्षा वेळेवर सुरू झाली आणि मी तिथेच हसत-रडत राहिले. प्राचार्यांना वाटलं, परीक्षेचं टेन्शन.

हक्क केव्हा दिलात? सांगायचं विसरलात, की मुद्दाम? मनातल्या मनात मी तुम्हाला किती कंजूस म्हटलंय. माफ करा.

नवी आलेली शबाना आता माझ्या हाताखाली आहे. तयार झाली की हा हक्क तिलाही देईन. आणि त्याच दिवशी, तिला समोर बसवून, तोंडाने सांगेन.

तुमची भांडखोर,
रजनी