मोनाली ठेंगडी यांच्या नावे लागत असलेल्या माझ्या हजेरीबाबत

दि. १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. श्रीमती इरावती सबनीस,
उपसंचालक (आस्थापना),
जुने नकाशे व अभिलेख संचालनालय,
नवा रायपूर

विषय : यंत्रातील माझा फोटो बदलून मिळणे व वीस दिवसांची गैरहजेरी काढून टाकणे.

संदर्भ : १) 'सतत अनधिकृत अनुपस्थिती' हे सूचनापत्र, दि. ८ ऑगस्ट.
२) आपण जिन्यात म्हणालात ते : "ताई, मराठीत द्या, पण लिहूनच द्या."

महोदया,

सादर वंदन. मी बावीस वर्षांपासून या कार्यालयात नोकरीला आहे व सध्या नकाशा शाखेत सहायक ग्रेड-२ म्हणून काम पाहते. हजेरीच्या नव्या यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे मात्र मी १४ जुलैपासून कामावर आलेलीच नाही. त्याबद्दलचे सूचनापत्र मी माझ्याच टेबलावर, कार्यालयीन वेळेत, सही करून घेतले, हे सुरुवातीलाच नम्रपणे नोंदवते.

१. दि. २७ जूनला आपल्या संचालनालयाचा स्थापना दिन झाला. त्यात महिला कर्मचाऱ्यांचा सुवा नाच ठेवला होता. टोपलीत धान, धानावर मातीचा पोपट, आणि भोवती वाकून टाळ्या देत फिरायचे, असा तो नाच. माझे लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेले, शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायांकडून मी तो शिकले. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मुलींना शिकवायचे काम माझ्याकडे व गेटवरचे चौकीदार लहानू भैया यांच्याकडे आले. तीन आठवडे आम्ही शिकवले. लहानू भैया वाकतात तेव्हा खरेच धानावर पाखरू उतरल्यासारखे वाटते.

२. शेवटच्या चार दिवसांसाठी बाहेरून डान्सवाले सर बोलावले. त्यांनी लहानू भैयांना पहिल्याच दिवशी बाजूला केले. "आदमी होके सुवा?" भैया म्हणाले, "मोर दाई सिखाए हे, साहेब." पण त्यांच्या आईची शिफारस चालली नाही. त्यांना खुर्च्या लावायला दिल्या. मग सरांनी मला बाजूला केले. पाहुणे समोर बसतात, त्यामुळे समोर उजळ मुली हव्यात, असे त्यांचे म्हणणे. माझा रंग काळा आहे. लोक मला बरे वाटावे म्हणून सावळा म्हणतात, पण मी खोटे न बोलण्याचे शील पाळते, तेव्हा अर्जात काळाच लिहिते.

३. कार्यक्रमाच्या दिवशी सरांच्या लक्षात आले की या उजळ मुली गावातल्या दिसत नाहीत. म्हणून मेकअपवालीने त्यांना तपकिरी रंग लावला. मोनालीताई ठेंगडी पहिल्या रांगेत, त्यांना सर्वांत जास्त. म्हणजे ज्या रंगासाठी मला नाचातून काढले, तोच रंग डबीतून काढून मोनालीताईंना लावला. मी हळूच म्हटले, "सर, माझ्याकडे तो तयार आहे." सर हसले. मीही हसले, कारण रागावण्याचे काही कारण त्या दिवशी दिसले नाही.

४. स्वागताच्या आदेशात मात्र लिहिले होते की ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याने पाहुण्यांना शाल द्यावी. ज्येष्ठ मीच. तेव्हा मला खुर्चीत बसवून गोरे करण्यात आले. तीन थर. मानेपर्यंतच, मानेखाली मी होते तीच होते. माझा नातू समोर बसला होता. शाल देऊन मी खाली आले तेव्हा तो आईच्या पदराआड गेला.

५. त्याच दुपारी हजेरी यंत्राच्या एजन्सीचे लोक आले. सगळे एका ठिकाणी सापडतील म्हणून त्यांनी तिथेच, रंगमंचामागे, प्रत्येकाचा फोटो काढून यंत्रात भरला. पुरुषांना कोणी काही लावले नव्हते. यंत्र १४ जुलैला सुरू झाले, तेव्हापासून ते सर्व वेळेवर हजर आहेत. लहानू भैयांना तर यंत्र लांबूनच ओळखते.

६. आमचे तसे नाही. बऱ्याच जणींना यंत्र घेईना, तेव्हा संगणक कक्षातील ऋषिकेश यांनी चेहरा थोडाफार जुळला तरी चालेल, अशी सोय करून दिली. त्यानंतर मी रोज भनपुरीहून दोन बस बदलून येते, दहाला दहा कमी असताना यंत्रापुढे उभी राहते, आणि यंत्र मला म्हणते, "सुस्वागतम्, मोनाली ठेंगडी." चष्मा दोघींचा सारखा, अंबाडा सारखा, आणि रंग आता त्यांच्या फोटोत आहे. खुद्द मोनालीताई येतात तेव्हा यंत्र 'अनोळखी व्यक्ती' असे दाखवते. पण त्यांची हजेरी मी आधीच लावलेली असल्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

७. २१ जुलै ते १ ऑगस्ट मोनालीताई बहिणीच्या बाळंतपणासाठी रजेवर नागपूरला होत्या. तिथून त्यांचा फोन आला, "ताई, मले रोज मेसेज येऊन राहिला, वेळेवर आल्याबद्दल धन्यवाद म्हणून. काहून माझ्यासाठी इतक्या लवकर येऊन राहिली तू?" त्या मनाने चांगल्या आहेत. आपण रजेवर होतो, असे त्यांनी लिहूनही दिले. तरी जुलै महिन्याच्या 'वक्तशीर कर्मचारी' यादीत त्यांचे नाव पहिले लागले. सूचनाफलकावर त्यांचा २७ जूनचा फोटो आहे. तो पाहून शाखेतले सगळे म्हणाले, "अरे, ये तो कलावती दीदी है!" मला बरे वाटले. महिन्याभरात मला ओळखलेले तेवढेच.

८. यावर मी तोंडी विचारणा केली. प्रशासन शाखेतून सल्ला मिळाला की फोटो बदलायला रायपूरबाहेर पत्र जाते, वेळ लागतो. त्यापेक्षा दीदींनी रोज तसा मेकअप करून यावे. महोदया, मी रोज पंचशील घेते आणि आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने अष्टशील पाळते. दुपारी बारानंतर मी जेवत नाही, म्हणून पावणेबाराला माझा डबा उघडतो आणि आजवर आपण कधी हरकत घेतली नाही. याच शीलांत नाच-गाणे बघणे, फुले, अत्तर, लेप या सर्वांपासून दूर राहायचे असते. लेप लावून आले तर सातवे शील मोडते, दुसरीच बाई होऊन यंत्रापुढे उभी राहिले तर खोटे न बोलण्याचे चौथे. हजेरीसाठी सकाळी दहाच्या आत दोन शीलं मोडणे मला जमण्यासारखे नाही. दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावणे कोणत्या शीलात बसते, हे मी विहारात भन्तेजींना विचारले. ते म्हणाले, अर्ज करा.

९. घाई एवढ्यासाठी की १९ ऑगस्टला पदोन्नती समिती बसत आहे. ग्रेड-१ साठी ज्येष्ठता यादीत माझे नाव पहिले आहे, आणि निवृत्तीआधी माझ्यासाठी ही शेवटचीच समिती. वीस दिवसांची अनधिकृत गैरहजेरी कागदावर राहिली तर नाव पुढे जात नाही. बावीस वर्षांत मी आईच्या वेळचे तेरा दिवस सोडले तर सलग घरी राहिलेली नाही.

तरी विनंती की, माझा फोटो आहे त्या चेहऱ्याचा घेऊन १९ तारखेपूर्वी यंत्रात भरावा व ती गैरहजेरी काढावी. मोनालीताईंचाही फोटो बदलावा, त्यांना स्वतःच्या पायांनी हजर होऊ द्यावे. पुढच्या वर्षी सुवा ठेवल्यास लहानू भैयांना टोपलीजवळ जागा द्यावी. माझी जागा मागच्या रांगेत असली तरी चालेल, पण नाचात असावी.

आणि नियमाने फोटो बदलता येतच नसेल, तर ग्रेड-१ चा आदेश माझ्या नावाच्या त्या गोऱ्या फोटोतल्या बाईंच्या नावे काढावा. त्या कधी भेटल्या तर मी त्यांच्याकडून मागून घेईन.

रोज हजर असलेली, आपली नम्र,

(सही)
कलावती बुद्धभूषण गजभिये
सहायक ग्रेड-२, नकाशा शाखा

सोबत :
१. सूचनापत्राची प्रत.
२. मोनालीताईंचा खुलासा.
३. लहानू भैयांचे निवेदन, त्यांच्याच शब्दांत : "हव, दीदी रोज आथे."
४. माझा फोटो. स्टुडिओवाल्यांनी तीनदा विचारले, "दीदी, थोडा साफ कर दूँ?" मी म्हटले, तोंड धुऊनच आले आहे.

ता. क. : हे नस्तीत लावू नये. मागच्या गुरुवारी सकाळी आपण प्रसाधनगृहात आरशापुढे घाईने पावडर लावताना भेटलात आणि म्हणालात, "मशीनसाठी हो, कलावतीताई." आपलाही फोटो २७ जूनचाच आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. कॅमेरावाले येतीलच, तर आपणही तोंड धुऊन यावे. साबण मी आणते.